धातूवरील अक्षर : भांडुपच्या ताम्रपटापासून अंधेरीच्या लेसरपर्यंत

गेल्या दिवाळीपूर्वी घरातील माळा साफ करावयास घेतला, तेव्हा एक जुने पितळी घंगाळ खाली आले. ते माझ्या आजीच्या लग्नातले. उपनगरातील आमच्या घरात त्याचा आता काहीच उपयोग नाही. न्हाणीघरात ते मावत नाही, आणि ते घासावयास कोणास वेळ नाही. तेव्हा ते मोडीत घालावे, असे घरातील तरुण मंडळींचे मत पडले. वजन करण्यापूर्वी सहज म्हणून काठाखाली चिंच लावून घासले, तो टिंबाटिंबांची एक ओळ हळूहळू दिसू लागली. छिन्नीचे बारीक ठोके देऊन काढलेली ती अक्षरे होती. त्यांत आजीचे नाव होते, तिच्या वडिलांचे नाव होते, गाव होते आणि लग्नाची तिथी होती.

आम्ही सारे क्षणभर स्तब्ध झालो. घराचे कागद आजोबांच्या नावाचे, जमिनीचा उतारा त्यांच्या नावाचा, शिधापत्रिकेवर पहिले नाव त्यांचे. आजी शाळेत गेली नव्हती. तिची सहीसुद्धा कोठे उरलेली नाही. तिचे नाव आमच्या घरात जर कोठे लिहिलेले राहिले असेल, तर ते ह्या घंगाळावर! आणि तेच आम्ही किलोच्या भावाने विकावयास निघालो होतो.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातील बाकीची भांडीही मी निरखून पाहिली. आईच्या पोलादी डब्यावर विजेच्या थरथरत्या लेखणीने घातलेले नाव आहे. मुंबईच्या तांबाकाट्यावर भांडी घेतली की दुकानदाराचा माणूस तेथल्या तेथे नाव घालून देई, तशातले ते आहे. माझ्या मुलीस गतवर्षी भेट मिळालेल्या ताटावरचे नाव मात्र काळे, गुळगुळीत, बोट फिरविले तरी न लागणारे असे आहे. ते लेसरच्या किरणाने उमटविलेले आहे. एकाच ओट्यावर तीन पिढ्या आणि तीन हत्यारे मांडली होती. ह्या तीन अक्षरांमागे जो दीर्घ इतिहास आहे, तो बहुतांशी आपल्या मुंबईच्या उपनगरांतच घडलेला आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आरंभ भांडुपपासून करू. इ. स. १८३५ च्या सुमारास भांडुपजवळ एका शेतकऱ्यास जमीन खणताना तांब्याचे तीन पत्रे सापडले. ते एका कडीत ओवलेले असून कडीवर गरुडाची मुद्रा होती. गरुड हे उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे चिन्ह होय. डॉ. ब्यूलर यांनी १८७६ साली 'इंडियन अँटिक्वरी'च्या पाचव्या खंडात हा लेख संपादून प्रसिद्ध केला. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांचा जो संग्रह १९७७ साली सिद्ध केला, त्यातही त्यास स्थान मिळाले. हा ताम्रपट शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ चा, छित्तराज राजाच्या कारकिर्दीतला आहे. श्रीस्थानक म्हणजे ठाणे, आणि षट्षष्टी म्हणजे साष्टी, ह्या प्रदेशातील एक शेत एका ब्राह्मणास दान दिल्याचे त्यात नमूद आहे. शेताच्या चतुःसीमा सांगताना पश्चिमेस राजपथ असल्याचा उल्लेख येतो. जुन्या ठाणे गॅझेटियरच्या लेखकाने असे अनुमान केले होते की, तो राजपथ मुंबईहून ठाण्यास जाणाऱ्या रस्त्याच्याच मार्गाने जात असावा. घाटकोपरहून मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गाने जाताना वाहनांच्या गर्दीत खोळंबलेल्या प्रवाशाने एवढे मनात आणावे की, ह्या वाटेचा दाखला तांब्यावर कोरला गेल्यास आता हजार वर्षे होत आली!

ताम्रपट करण्याची रीत मोठी विचारपूर्वक ठरलेली होती. पत्रा ठोकून सपाट करीत. त्याच्या कडा किंचित उचलून घेत, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासून अक्षरे झिजू नयेत. लेखक मजकूर सिद्ध करी आणि कोरणारा छिन्नीने तो खोदी. लिहिणारा आणि कोरणारा ही पुष्कळदा दोन निराळी माणसे असत. छित्तराजाच्या ताम्रपटात लिहिणाराचे नाव जोगपैय असे दिलेले असून, तो नागलैय नावाच्या कवीचा पुतण्या असल्याचेही त्यातच सांगितले आहे. राजाचे नाव राहिले ह्यात नवल नाही; परंतु खजिन्याच्या कचेरीतील एका लेखकाचेही नाव राहिले, ही धातूची कृपा.

शिलाहारांच्या ताम्रपटांच्या अखेरीस एक विलक्षण वचन आढळते. त्याचा भावार्थ असा की, ह्यात एखादे अक्षर कमी पडले असेल वा अधिक झाले असेल, तरी ते सर्व प्रमाण मानावे. ताम्रपट लिहिणारांस आपल्या हाताच्या चुकांची पूर्ण जाणीव होती. हात मनुष्याचा आहे, तो चुकणारच. परंतु त्या चुकीचा आधार घेऊन कोणी दान बुडवू नये, अशी ती तजवीज होती. ह्याउलट, खोट्या ताम्रपटांचे भयही त्या काळी कमी नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतीत राजाने दानपत्र वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहवून त्यावर आपली मुद्रा करावी असे सांगितले आहे. आणि मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात खोटी राजशासने करणारास देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. इतकी कठोर शिक्षा सांगावी लागली, ह्यावरूनच तो उद्योग करणारे लोक होते हे उघड आहे. तात्पर्य, धातूवर कोरले म्हणजे ते खरे झाले, असा भाबडा समज आपल्या पूर्वजांचाही नव्हता. अक्षर टिकणे निराळे आणि अक्षर विश्वासार्ह असणे निराळे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

भांडुपहून डोंगर ओलांडून पश्चिमेस उतरले की बोरिवलीच्या बाजूस कान्हेरीची लेणी लागतात. तेथील मोठ्या चैत्यासमोरच्या एका स्तूपात डॉ. जेम्स बर्ड यांस १८३९ साली तांब्याची दोन पात्रे आणि त्यांबरोबर ताम्रलेख मिळाले. त्यांतील एका लेखावर त्रैकूटकांच्या राज्यातील संवत् २४५ चा उल्लेख आहे. तो काळ इ. स. ४९४-९५ असा ठरतो. सिंधु देशातून आलेल्या बुद्धरुचि नावाच्या एका उपासकाने कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य उभारला, असे तो लेख सांगतो. भांडुपचा ताम्रपट लोकांस दाखविण्यासाठी होता, कान्हेरीचा मात्र स्तूपाच्या पोटात पुरून ठेवण्यासाठी होता. कोणी वाचावा अशी त्याची अपेक्षाच नव्हती. त्याच डोंगरातील कातळावर पोलादी छिन्नीने कोरलेले इतर दानलेख पाहिले, तर त्यांत भिक्षुणींची आणि गृहिणींचीही नावे पुष्कळ आढळतात. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी लेणे दिले, आणि आपले नाव कातळावर ठेवून गेल्या. आजीचे घंगाळ हाती घेतले तेव्हा मला प्रथम त्या स्त्रिया आठवल्या.

आतापर्यंत पोलाद हे हत्यार होते आणि अक्षर तांब्यावर अथवा दगडावर पडत होते. प्रत्यक्ष पोलादावर अक्षर कोरण्याची विद्या मुंबईत नावारूपास आली ती मुद्रणकलेबरोबर, एकोणिसाव्या शतकात. छापण्याचा खिळा शिशाचा असतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा आजा पोलादाचा असतो. मऊ केलेल्या पोलादी कांबीच्या टोकावर कानशीने आणि कोरणीने एकेक अक्षर उलटे कोरावयाचे; दिव्याच्या काजळीवर धरून त्याचा ठसा कागदावर उमटवून पाहावयाचा; मनासारखा झाला म्हणजे ती कांब तापवून लाल करावयाची आणि पाण्यात बुडवून कठीण करावयाची. मग तो ठसा तांब्यावर ठोकला की तांब्यात अक्षराची खोबण पडते; तिला मातृका म्हणत. मातृकेत शिशाचा रस ओतून खिळे पाडावयाचे. रोमन लिपीचे काम थोड्या ठशांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून कित्येक शेकडा ठसे लागत. एका कुंभारास हजार मडकी करावयास सांगावे, आणि प्रत्येक मडके निराळे पण एकाच घाटाचे हवे असे बजवावे, तसा हा प्रकार होता.

ह्या कामी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांची नावे आपण जवळजवळ विसरलो आहोत. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले आणि पुढे स्वतः अक्षरांचे साचे सिद्ध करून खिळे ओतले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी ठसे कोरले. त्याच छापखान्यात लहान वयात टाइप घासण्याच्या कामावर लागलेला एक गरीब मुलगा म्हणजे जावजी दादाजी. त्यांनी १८६४ मध्ये अक्षरे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ आजही पंडितांच्या हाती असतात आणि त्या अक्षराचे सौष्ठव सर्वतोमुखी आहे. परंतु ते अक्षर पोलादावर ज्यांनी प्रत्यक्ष कोरले, त्या राणूजी रावजी आरू यांचे नाव किती सुशिक्षितांस ठाऊक असेल? छित्तराजाच्या दानपत्राने आपल्या लेखकाचे नाव जपले. आपण मात्र ज्याच्या अक्षरांत वाचावयास शिकलो त्याचे नाव जपले नाही.

आता तिसऱ्या पर्वाकडे वळू. लेसरचे तत्त्व आइन्स्टाइनने १९१७ साली मांडले आणि अमेरिकेत थिओडोर मेमन याने १९६० च्या मे महिन्यात माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढून दाखविला. आरंभी ह्या किरणाचे करावे काय, हेच कोणास कळेना. त्याचे बळ मोजण्यास सोयीचे साधन नसल्यामुळे, दाढीची किती पाती एकाआड एक ठेवून भेदली गेली, त्यावरून संशोधक थट्टेने त्याची शक्ती सांगत. म्हणजे लेसरने पोलादाशी पहिली झुंज दिली ती दाढीच्या पात्यावर!

ह्या कथेत महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर ज्यांनी शोधला, ते कुमार पटेल १९३८ साली बारामतीस जन्मले आणि १९५८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी १९६३-६४ च्या सुमारास हा लेसर सिद्ध केला. १९६७ साली इंग्लंडमध्ये अशाच लेसरच्या किरणाबरोबर प्राणवायूचा झोत सोडून पोलादाचा पत्रा कापून दाखविण्यात आला, आणि पोलाद कापण्याच्या आजच्या प्रचंड यंत्रांचा पाया तेथे घातला गेला. इकडे चेंबूरपलीकडच्या तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रातही त्याच साठाच्या दशकात अर्धवाहकाचा लेसर घडविण्यात आला होता. तेव्हा ही विद्या उपनगरांस अगदीच उपरी नव्हे.

पोलादावर खूण करण्यासाठी मात्र आज बहुधा निराळ्या जातीचा लेसर वापरतात. पटेलांच्या लेसरच्या किरणाची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रॉन आहे, आणि एवढ्या लांब तरंगांचा प्रकाश धातूचा चकचकीत पृष्ठभाग बराचसा परतवून लावतो. काचतंतूत यिटर्बियम हे मूलद्रव्य मिसळून जो लेसर करतात, त्याची तरंगलांबी ह्याच्या सुमारे दशमांश असते. तो पोलादात अधिक मुरतो. अंधेरीस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत अशा एका गाळ्यात काही वेळ उभे राहून मी हे काम पाहिले. किरण स्वतः डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तर तो अधिक घातक. कारागीर खास चष्मा लावतो. दोन चिमुकले आरसे झरझर फिरतात आणि त्यांच्या योगे केसाएवढा ठिपका पोलादावर नाचत जातो. प्रकाश अखंड नसून ठोक्याठोक्यांनी येतो. एक ठोका सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या आसपास टिकतो, आणि असे हजारो ठोके एका सेकंदात पडतात. मला गंमत वाटली ती ही की, आजीच्या घंगाळावरही अक्षर ठोक्यांनीच घातलेले होते. ठोका राहिला, छिन्नी तेवढी गेली.

ह्या खुणेच्याही जाती आहेत. ठोका जबर असला तर पोलादाची वाफ होऊन खरोखरच खाच पडते. तो मंद ठेवला तर पोलाद वितळत नाही, नुसते तापते. पृष्ठभागाखाली ऑक्साइडचा थर वाढून तेवढी जागा काळी पडते, आणि हाताला काहीच लागत नाही. माझ्या मुलीच्या ताटावरील नाव ह्या दुसऱ्या जातीचे. येथे एक सूक्ष्म धोका आहे. न गंजणारे पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ साली केले. ते गंजत नाही, ह्याचे कारण त्यातील क्रोमियमचा ऑक्साइड होऊन पृष्ठभागावर एक साय धरते. ही साय मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असते. उष्णता बेतापेक्षा अधिक झाली तर तिच्या रक्षणाची घडी बिघडते, आणि नेमक्या त्या अक्षरावरच गंज चढतो. शस्त्रक्रियेच्या हत्यारांवर खुणा करणारांस ही काळजी फार वाहावी लागते. टिकण्यासाठी घातलेले नावच धातूच्या नाशाचे निमित्त व्हावे, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

अंधेरीतच १९७३ साली निर्यातीसाठी सीप्झ नावाची वसाहत स्थापन झाली. ती आरंभी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी होती. पुढे तेथे दागिन्यांचे कारखाने भरभराटले. सोन्याच्या दागिन्यावर आता भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एक संकेत लेसरने उमटवितात. १ जुलै २०२१ पासून ही पद्धत आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ज्यांस ही खूण सक्तीची आहे असे दागिने ह्या संकेतावाचून विकण्यास मनाई झाली. हा संकेत प्रत्येक दागिन्याचा निराळा असतो, आणि तो नोंदवहीशी ताडून पाहता येतो. शिलाहारांच्या वचनाशी ह्याची तुलना करून पाहा. तेथे अक्षर कमी-अधिक झाले तरी सर्व प्रमाण होते. येथे एक अक्षर चुकले की सारे अप्रमाण! तेथे विश्वास गरुडाच्या मुद्रेवर होता, येथे तो कोठेतरी दूर ठेवलेल्या नोंदीवर आहे. सोन्यावरचे अक्षर आता स्वतः साक्षीदार राहिलेले नाही. साक्षीदाराचा पत्ता तेवढा सांगते. व्यवहाराच्या दृष्टीने हे अधिक सुरक्षित आहे ह्यात शंका नाही. परंतु ती नोंद ज्या दिवशी नाहीशी होईल, त्या दिवशी ती सहा अक्षरे मुकी होतील. भांडुपचा ताम्रपट आठशे वर्षे जमिनीखाली राहून वर आला आणि कोणाच्याही नोंदवहीवाचून बोलू लागला.

आणखी एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या निवृत्तीप्रसंगी देण्याकरिता पोलादाचे एक तबक आम्ही उपनगरातील एका दुकानी कोरावयास दिले. तबक हाती आले, तो 'निवृत्ति' ह्या शब्दातील वेलांट्या आपापली अक्षरे सोडून भलत्याच जागी जाऊन बसलेल्या, आणि 'प्रीत्यर्थ' ह्या शब्दाचे पाय मोडून अक्षरे सुटी उभी! मी रागावलो. दुकानातील मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, मशीननं बरोबरच कोरलंय. फाइलमध्ये अक्षरं तशीच आली होती." त्याचे म्हणणे खरे होते. यंत्राने आज्ञेत तसूभरही अंतर केले नव्हते; आज्ञाच अशुद्ध होती. राणूजी आरूंनी जोडाक्षराचा ठसा कोरण्यापूर्वी ते अक्षर वाचले असेल, डोळ्यांनी तोलले असेल. यंत्र वाचीत नाही. जोगपैय आणि कोरणारा ह्या दोघांच्या मध्ये जो मनुष्य असावयाचा, तोच येथे गळला आहे.

उपाय नाही असे नाही, आणि तोही उपनगरांतच आहे. पवईच्या आय. आय. टी.त अक्षरकला शिकविणारे प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी पुढे संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला. असंख्य मराठी माणसे तो नित्य वापरतात आणि कर्त्याचे नाव जाणत नाहीत. आज उत्तम देवनागरी टंक विनामूल्यही मिळतात. त्यांत मजकूर लिहून, त्याचे आकृतीत रूपांतर करून, मगच तो यंत्रास दिला, आणि कोरण्यापूर्वी एकदा कागदावर छापून कोणीतरी वाचला, तर वेलांटी जागेवर राहते. काजळीवर ठसा पाहण्याची जुनी रीत ती हीच. कागदावरची चूक खोडता येते, पोलादावरची येत नाही.

घंगाळाचे काय झाले, हे वाचक विचारतील. ते मोडीत गेले नाही. मुलीने त्यावरील ओळ उतरून घेतली. आता त्यात एक तुळस आहे. पण त्या दिवशी माझ्या मनात आले की, घरोघरच्या माळ्यांवर असे कितीतरी ताम्रपट पडून आहेत. लग्नात मिळालेली ही भांडी म्हणजे स्त्रीधन. आणि ज्या पिढ्यांत स्त्रीचे नाव कागदावर क्वचितच चढे, त्या पिढ्यांत ते तांब्यापितळेवर मात्र घातले जाई. तो केवळ भांडे हरवू नये म्हणून केलेला व्यवहार होता, हे खरे. भांडुपचा ताम्रपट तरी दुसरे काय होता? शेत हरवू नये म्हणूनच तो कोरला. शेत गेले, शेताच्या सीमा बुजल्या, राजवंश नामशेष झाला. आणि व्यवहारासाठी लिहिलेली अक्षरे इतिहास होऊन बसली. त्या शेतकऱ्याने ते पत्रे तांबटास विकले असते, तर दोन-चार तपेल्यांहून अधिक काही हाती आले नसते.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे की, जुने भांडे मोडीत घालावयाचे तर खुशाल घालावे. जागा सर्वांसच कमी आहे. मात्र त्यापूर्वी एकदा चिंच लावून त्याचा काठ घासावा, आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.